पातेल्यात पाणी पडेपर्यंत

पळी माझ्या हातात होती. पातेल्यात अजून काही पडलं नव्हतं, नुसतं पाणी तापत होतं. लातूरहून आलेल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी व्हिडिओ काढायला मोबाइल काठीवर लावला होता. त्या म्हणाल्या होत्या, "सेविकाताई, तुम्हीच करून दाखवा. पाककृती तुमचीच आहे ना?"

म्हणून मी पळी उचलली.

दारात आक्का बसली होती. आक्का म्हणजे आमच्या गावच्या वरच्या आळीतल्या मोठ्या घरची म्हातारी. तिची नात आमच्या अंगणवाडीत येते, म्हणून ती कार्यक्रमाला आली होती. ती उठली नाही. तिनं आवाज चढवला नाही. हसतच म्हणाली,

"आगं बाई, तू कशाला? तू सांग. तोंड चांगलं हाय तुझं. हात राहू दे."

बाया हसल्या. कुणी पदर तोंडाला लावून, कुणी उघड.

"ठेव ती खाली," आक्का म्हणाली.

मी पळी खाली ठेवली. फरशीवर. मदतनीस केवळबाईनं ती उचलली, नळाखाली धरली, दोन्ही अंगांनी चोळून धुतली आणि शेगडीजवळ जाऊन उभी राहिली. मॅडम बघत होत्या. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. म्हणाल्या, "चालेल की, ताई. तुम्ही मागून बोला. मावशींचे हात फ्रेममध्ये छान येतील."

मग मी मागून बोलले. ज्वारीच्या कण्या, मुगाची डाळ, शेवग्याचा पाला, वरून शेंगदाण्याचं कूट. उतरवल्यावर लिंबू पिळायचं, म्हणजे पाल्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही. आवाज माझा. हात केवळबाईचे.

आणि एक सांगायचं राहिलं. बाया हसल्या तेव्हा मीही हसले होते.

*

मी अंगणवाडी सेविका. चाकूर तालुक्यातलं गाव, नाव सांगत नाही. मी याच गावची लेक. लग्न होऊन उमरीला गेले होते, नवरा गेला आणि परत माहेरी आले. आमची गल्ली गावाच्या खालच्या अंगाला. पूर्वी तिला मांगवाडा म्हणत. आता कमानीवर चांगलं नाव आहे. कमान नवी झाली, गल्ली तीच.

मी फार बोलणारी बाई नाही. मातांच्या बैठकीत बोलते ते पाठ झालेलं असतं. इतकी वर्षं तेच बोलत राहिले. हे मात्र पाठ केलेलं नाही, म्हणून अडखळत लिहिते.

माझं काम आहार शिकवायचं. गरोदर बाईनं काय खावं, अंगावर पिणाऱ्या लेकराला सहाव्या महिन्यानंतर काय द्यावं, पोरींचं रक्त का कमी होतं, ताटात तीन रंग कसे यावेत. भिंतीवर तक्ते आहेत. तक्त्यातली बाई गोरी आहे, हसते, तिच्या ताटात सगळं आहे. मी काठीनं दाखवते. बाया माना डोलावतात. "बाई लई चांगलं सांगतात," म्हणतात. आणि माझ्या हातचं शिजवलेलं काहीच खात नाहीत.

हे ठरलं कसं, ते सांगते. कुणी ठरवलं नाही. नोकरी लागली त्या आठवड्यात मी तांदूळ निवडले, डाळ पाखडली. सगळं ठीक होतं. मग पातेल्यात पाणी ओतलं आणि तांदूळ वैरायला हात पुढं केला, तर केवळबाई म्हणाली, "द्या बाई, मी करते." गोड बोलली. मी बघितलं, दारात दोन-तीन बाया उभ्या होत्या. लेकरं सोडायला आलेल्या. थांबल्या होत्या. हात कुणाचा जातो ते बघायला.

मी तांदळाचं ताट केवळबाईकडं दिलं. बाया निघून गेल्या.

बस. एवढंच. त्या दिवसापासून मी सांगायचं, तिनं शिजवायचं, तिनं वाढायचं. निवडणं, पाखडणं, मोजून देणं, घरी न्यायची कोरडी पाकिटं वाटणं, हे माझं. पातेल्यात पाणी पडलं की माझा हात संपला.

आमच्याकडं हे जुनं आहे. कोरडं चालतं, ओलं चालत नाही. माझी माय आक्काच्याच घरी लग्नकार्याला धान्य पाखडायला जायची. गहू, तूर, हरभरा, खंडी खंडी पाखडायची. तिच्या हातचं धान्य त्यांच्या कोठीत जायचं, जात्यातून, गिरणीतून जायचं. तोवर विटाळ नाही. एकदा त्यांच्या अंगणात पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भिजत घातली होती, मोठ्या घंगाळात. मी मायच्या मागं गेले होते. लहान होते, भूक लागली होती. माय मला दाखवायला म्हणून घंगाळात हात घालून म्हणाली, "बघ गं, कशी फुगली."

कुणीतरी बघितलं. मग जो आरडाओरडा झाला तो मला अजून ऐकू येतो. मायला म्हणू नये ते म्हटलं गेलं. सगळी डाळ मायच्या लुगड्यात ओतून आम्हाला हाकलून दिलं. ओली डाळ, पाणी गळतंय, माय रडत चालली आहे. आणि मी? मी खुशीत. आम्ही ती डाळ शिजवून, वाटून, तव्यावर भाजून खाल्ली. गल्लीत वाटली. तसं पोटभर मी कधी खाल्लं नव्हतं. ती संपली तेव्हा मी मायला म्हणाले, "माय, परत एकदा हात लाव ना."

मायनं थोबाडीत दिली. एकच.

म्हणजे बघा, हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी तांदळाचं ताट दिलं. नोकरी हवी होती, हे खरं. पण आणखी एक खरं आहे. मला वरच्या आळीत बसायचं होतं. त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या बायांमध्ये, "बाई" म्हणून. पळी सोडली की ते मिळत होतं. मी सोडली.

*

जळतं कुठं, ते ज्याचं त्याला माहीत. मी आक्कावर जळले नाही. आक्का फार वर. तिच्यावर जळायलासुद्धा मान उंच करावी लागते. लातूरच्या मॅडमवर थोडी जळले. तीही बोलतच होती, पण तिनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू बायांनी मागून मागून खाल्ले. खरी जळले ती केवळबाईवर.

केवळबाई विधवा. माझ्यासारखीच. दीड एकर कोरडवाहू. माझ्याहून कमी शिकलेली, माझ्याहून कमी पगार. जातीनं मराठा, पण वरच्या आळीतल्या घरात तीही ओट्यावर नाही, खालीच बसते. तिच्यावर जळण्यासारखं काय होतं? तिची पळी.

अकरा वाजले की लेकरं तिच्याभोवती. "मावशी, मला! मावशी, मला अजून!" ती वाढणार, लेकरं तिच्या पदराला तोंडं पुसणार. तिचा पदर रोज हळदीनं पिवळा. माझा पदर इतकी वर्षं स्वच्छ राहिला. घरी येऊन मी तो बघायची. इस्त्री मोडलेली नसायची.

मला लेकरं "बाई" म्हणायची. तिला "मावशी". मी त्यांना गाणी शिकवली, रंग शिकवले, वजन केलं, डोस पाजायला नेलं, आजारी पडली तर दवाखान्यात बसले. तरी पडलं, रडलं की पळायचं तिच्याकडं. लेकराला कळतं, कुणाच्या हातात खायला आहे.

आणि आहार शिक्षण. सांगू? मी तक्ता लावून तासभर सांगायची की भाजीवर लिंबू पिळा. कुणी पिळायचं नाही. केवळबाई वाढता वाढता एखादीला म्हणायची, "पिळ गं जरासं, चव येती." दुसऱ्या दिवशी तिच्या घरी लिंबू. मला आतून पेटल्यासारखं व्हायचं. ते लिंबू माझं होतं. ते वाक्य माझं होतं. मी तिला शिकवलं होतं.

ज्याच्या हातचं माणूस खात नाही, त्याचं तो ऐकून घेतो. करत नाही. हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी फक्त जळत होते.

तो व्हिडिओ सगळीकडं फिरला. तालुक्याच्या ग्रुपवर, जिल्ह्याच्या ग्रुपवर, कुठून कुठं. "मावशींच्या हाताला चव दिसते." "ग्रामीण भागातली अन्नपूर्णा." उमरीहून माझ्या नणंदेचा फोन आला.

"वहिनी, तुमच्या चाकूरकडची कोण बाई हाय म्हनं, कण्याची खिचडी करती. लई भारी. अन् आवाज तर पार तुमच्यावाणी."

"हाव. आवाज माझाच हाय."

"मग तुमी कुठं हाव त्यात? दिसल्या न्हाईत."

मी फोन ठेवला. नेटवर्क गेलं असं नंतर सांगितलं.

पुढं तालुक्याच्या कार्यक्रमात केवळबाईला साडी मिळाली. स्टेजवर बोलावून. तिथं तिनं माईकवर सांगितलं, "मला काय येत न्हाई, सगळं बाईनं शिकीवलं." टाळ्या वाजल्या. माझ्याकडं कुणी बघितलंही नाही. तिनं चांगलंच म्हटलं होतं. मला ते भीक दिल्यासारखं लागलं.

*

आता आरूचं सांगते. आरू म्हणजे आक्काची नात. गोड पोर, पण काडी. हाताला धरलं तर हाड लागतं. घरात दूध आहे, तूप आहे, शेत आहे, गाडी आहे. आणि पोर चहा-बिस्किटावर. सकाळी चहात बुडवून बिस्किट, दुपारी दुकानातला पुडा, संध्याकाळी परत बिस्किट. आक्काच देते. "लेकराला आवडतं," म्हणते. आरूची आई पल्लवी, सून. तिला बोलायची सोय नाही.

आरूचं वजन माझ्या तक्त्यावर लाल पट्ट्यात होतं. सांगून सांगून मी थकले. शेवटी एवढंच जमलं, की ती अंगणवाडीत खायला लागली. फक्त तिथं. फक्त केवळबाईच्या हातून, घास करून. वजन हळूहळू लालमधून वर सरकायला लागलं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत मला एवढा आनंद दुसऱ्या कशाचा झाला नसेल. आणि एवढा जळफळाटही. कारण ते वजन माझ्या शिकवण्यानं वाढत होतं आणि केवळबाईच्या हातानं.

स्टेजवरच्या साडीनंतरचा आठवडा. केवळबाई तीच साडी नेसून आली होती. खिचडी शिजत आली होती. ती कोथिंबीर धुवायला बाहेर नळावर गेली. लेकरं ताटल्या वाजवत होती.

मी मिठाची बरणी उघडली. मूठभर घेतलं. टाकलं. परत एक मूठ. पळी उचलली आणि ढवळलं, तळापर्यंत.

इतक्या वर्षांत त्या पातेल्यात माझा हात पहिल्यांदा गेला, तो लेकरांचा घास नासवायला. हे लिहिताना माझे कान तापले आहेत. पण तसंच आहे. त्यावर पांघरूण घालायचं असतं तर लिहायलाच बसले नसते.

केवळबाईनं वाढलं. पहिला घास आरूला. इतर लेकरांनी थू थू करून थुंकलं, ओरडली, "मावशी, खारट! मावशी, खारट!" आरूनं थुंकलं नाही. तिनं केवळबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि गिळलं. मावशीनं दिलंय म्हणून. दुसराही गिळला. मग ओकली. सगळं. केवळबाईच्या नव्या साडीवर.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? एक क्षण मला बरं वाटलं.

लेकरं रडत घरी पळाली. थोड्या वेळात आक्का आली. मागं पल्लवी, आणखी चार बाया. आक्कानं आरूला उचललं आणि केवळबाईवर जी तुटून पडली.

"हाताला लकवा मारला का गं तुझ्या? मोबाइलात काय आली, माज आला व्हय? पोरगी मारती का आमची?"

"आक्का, मीठ मीच टाकलं, पण येवढं न्हाई वो," केवळबाई रडत म्हणाली. "आईच्यान, येवढं न्हाई."

"मग काय भुतानं टाकलं? दुसरी बघतो आता आमी. आपल्यातल्या बाया काय कमी हायेत व्हय?"

केवळबाई पातेल्यातलं बोटानं काढून परत परत चाखत होती. जणू चौथ्यांदा चाखलं तर खारटपणा कमी होईल. मी भिंतीला टेकून उभी. तक्त्यातल्या गोऱ्या बाईशेजारी.

एक बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "बाईला इचारा की. त्या इथंच व्हत्या."

तेव्हा आक्का म्हणाली, "तिला काय इचारायचं? ती बिचारी हातच लावत न्हाई. तिच्यावर कसं बोट ठेवावं?"

*

मी सुटले होते.

कशामुळं सुटले? मी चांगली म्हणून नाही. माझ्यावर विश्वास म्हणून नाही. मी विटाळाची, म्हणून. माझा हात त्या पातेल्यात जाऊच शकत नाही, हा माझ्या निर्दोषपणाचा पुरावा. त्यांनीच दिलेला. मी पाप केलं आणि त्यांच्या विटाळानं मला पोटाशी धरलं. आणि मी त्याच्या आड उभी राहून एका गरीब बाईची नोकरी जाताना बघत होते.

मला मायची थप्पड आठवली नाही, किंवा असलं काही मोठं सुचलं नाही. मला फक्त ओकारी आली. स्वतःची.

मी म्हणाले, "आक्का, मीठ मी टाकलं."

कुणाला कळलं नाही. मी परत म्हणाले. "केवळबाईनं बरोबर टाकलं होतं. वरून मी टाकलं. दोन मुठी. तिच्यावर जळून टाकलं."

मला वाटलं, आता मारतील. लेकराला ओकायला लावलं, चांगलं केलं असतं मारलं तर. पण आक्का पुढं झाली आणि हळू आवाजात विचारलं,

"कसं टाकलंस? वरनं टाकलंस का पळी धरलीस?"

मी आरूकडं बघितलं.

"बोल की. पळी धरलीस का?"

लेकरू ओकलं होतं. खांद्यावर मान टाकून पडलं होतं. अन्न नासलं होतं. आणि आक्का विचारत होती, पळी धरलीस का. मागच्या बायाही तेच विचारत होत्या, नजरेनं. मीठ माफ होतं. मीठ चुकूनही पडतं.

केवढी भीती होती माझ्या मनात या बायांची. एका प्रश्नात गेली. पार गेली.

"धरली," मी म्हणाले. "धरली अन् तळापर्यंत ढवळलं. तीच पळी. आन् ऐका, आजपासून रोज धरणार."

आक्कानं आरूला पल्लवीच्या अंगावर टाकलं आणि थुंकली. माझ्यावर नाही, बाजूला. "मायवर गेलीस," म्हणाली. पहिल्यांदा तिच्या तोंडून मला खरं नाव मिळाल्यासारखं वाटलं.

सगळ्या गेल्यावर मी केवळबाईसमोर खाली बसले. माफी मागितली. ती साडीवरचं पुसत होती. वर न बघता म्हणाली,

"बाई, तुमी मागितली असती तर पळी मी दिली नसती. खोटं कशाला सांगू. मलाबी गावात राहायचं हाय. पन लेकरायच्या तोंडात मीठ? माझ्यावर राग व्हता तर मला मारायचं व्हतं."



*

कार्यालयातून कागद आला, खुलासा द्या. मी दिला. मीठ मी टाकलं, शिक्षा मान्य. मानधन कापलं, कापू दे. तो गुन्हा माझा आहे आणि तो मी कुठल्याही विटाळाच्या, कुठल्याही मायच्या मागं लपवणार नाही. माझ्यावर अन्याय झाला म्हणून आरूनं का ओकावं?

पण पर्यवेक्षिका मॅडम आल्या, खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "ताई, वातावरण शांत होईपर्यंत जुनीच पद्धत ठेवा ना. लेकरं येणं महत्त्वाचं."

"मॅडम, जुनी पद्धत काय ती कागदावर लिहून द्या."

"असं लिहून कसं देता येईल?"

"मग मला पाळताही येणार नाही."

त्या चहा न घेता गेल्या.

आता मी शिजवते. मी चाखते, मी वाढते. आमच्या गल्लीतली लेकरं येतात. खाटकांच्या घरची दोन येतात. वरच्या आळीतलं कुणी नाही. केवळबाई येते. नोकरी तिचीही आहे. ती तांदूळ निवडते, डाळ पाखडते, झाडते. पाणी ओतलं की बाजूला सरकते. माझ्या हातचं खात नाही, घरून भाकर आणते. मी तिला काही म्हणत नाही. तिनं कशाला माझ्यासाठी गाव सोडावं? पण तिच्याकडं बघून आता आत जळत नाही, असंही लिहिणार नाही. लेकरं अजून "मावशी कुठंय" म्हणतात. अजून टोचतं.

माझा पदर आता हळदीचा आहे. त्याचं कौतुक वाटायला वेळ नाही.

कारण आरू येत नाही. परत चहा-बिस्किट. वजन करायला घरी गेले तर आक्कानं दारातूनच परत लावलं. पल्लवी मागच्या दारानं आली. म्हणाली, "बाई, वाटी इथं ठिवून जात जा. मी गुपचूप भरवते."

मी ठेवून आले. लेकरू उपाशी आहे, तिथं मी काय ताठा दाखवू? काही दिवस तसं चाललं. वाटी रिकामी यायची. मला बरं वाटायला लागलं होतं. मग एका दिवशी भिंतीपलीकडून आक्काचा आवाज ऐकला.

"केवळनं पाठवलं व्हय? मग चारा, चारा. तिच्या हाताला चव हाय."

पल्लवी सासूला म्हणाली, "व्हय आत्या."

परत माझं शिजवलेलं, तिच्या नावावर. बोळात उभी राहिले आणि हसू आलं. पण या वेळी ते हसू त्यांच्या बरोबरचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पल्लवीला सांगितलं, "पोरी, वाटी मी देत राहीन. पण मागच्या दारानं नाही. आन् केवळबाईच्या नावानं नाही."

"आत्या खाऊ देणार न्हाईत, बाई. आरूचं काय?"

हा प्रश्न सोपा नाही. मी त्यावर रात्र रात्र तळमळले, असं लिहून तुम्हाला माझी दया आणायची नाही. आरूनं माझ्या मिठामुळं एकदा ओकलंय. तिच्या पोटाचं मी देणं लागते. पण मला हेही कळलंय की खोट्या नावानं गेलेला घास तिला आज जगवेल आणि उद्या तीच पोर दारात बसून कुणाच्या तरी हातातली पळी खाली ठेवायला लावेल. तिला दोन्ही शिकवायचं आहे, काय खावं आणि कुणाच्याही हातचं खावं. एक शिकवून दुसरं सोडलं, तेच तर मी आजवर करत आले.

आता मी पुढच्या दारानं जाते. दुपारी, गल्ली जागी असताना. आक्का म्हणते, "लेकराच्या जिवाशी खेळतीस." मी म्हणते, "आक्का, मीठ टाकलं तेव्हा खेळले. आता खेळत न्हाई. आता तुमी दार लावून घेता, ते तुमचं."

ती दार लावते. लावू दे. वरून दबाव आणतील, बदली करतील, काढतीलही. मी कागद वाचून सही करीन आणि दुसऱ्या दिवशी परत येईन, नोकरीत असले काय, नसले काय. गाव माझंही आहे. मी त्यांच्या पायरीवर बसते. वाटीवरचं झाकण काढते. वाफ दाराच्या फटीतून आत जाईल एवढी जवळ धरते आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगते.

"आज कण्या हायेत, मूग हाय, शेवग्याचा पाला हाय. मी शिजवलंय. आरू, ये."